शिक्का न बघता

मला फसवणाऱ्या माणसाचं नाव मला माहीत नाही. मी ज्यांना फसवलं त्यांची नावं मात्र पाठ आहेत: वलवणची मंगलताई आणि तिचे सासरे आबा, बेगडेवाडीचे गायकवाड सर, आणि त्या दोन टोकांच्या मधली आणखी बारा घरं. त्याने मला काही न सांगता वाऱ्यावर सोडलं, आणि मी या चौदा घरांना. हे सुरुवातीलाच लिहून टाकतो. मी तापट माणूस आहे. पुढे आवाज चढला तर राग कुणावर आहे ते वाचणाऱ्याला ठाऊक असावं.

यंदा आवणीचे, म्हणजे भातलावणीचे, दिवस पुन्हा आले. कामशेतच्या माझ्या दुकानासमोरून चिखलाने माखलेले पॉवर टिलर जायला लागले की इतरांना भाताची खाचरं आठवतात. मला कॉम्प्युटरच्या पडद्याच्या कोपऱ्यात उघडणारी एक छोटी खिडकी आठवते. 'नवीन अपडेट बसवले', एवढंच तिच्यात लिहिलेलं असतं. दोन पावसाळ्यांपूर्वीपर्यंत ती खिडकी बघून मला बरं वाटायचं. घरबसल्या कुणीतरी आपलं काम करतंय, असं वाटायचं.

मावळातल्या पावसात जुने कॉम्प्युटर सांभाळणं हा वेगळाच उद्योग आहे. धुकं शटरखालून आत येतं. माउसच्या वायरीला पांढरी लव धरते, कीबोर्डची बटणं फुगल्यासारखी होतात. लोणावळ्याच्या बायका कपाटात पिवळा बल्ब लावून लहान मुलांचे कपडे कोरडे करतात, तसं माझंही एक लाकडी कपाट आहे. त्यात मशिनं वाळत असतात. तापलेली धूळ, ओलं लाकूड आणि शेजारच्या भातगिरणीतून येणारा कोंड्याचा वास, असा माझ्या दुकानाचा पावसाळा आहे. एकदा एका डब्यातून लांबलचक गोम निघाली. गिऱ्हाईक म्हणालं, "अन्वरभाई, हिचे वेगळे पैसे लावू नका."

मी तांदळाच्या वखारीत पोती उचलून मोठा झालो. माल कसा घ्यायचा ते तिथे शिकलो. आधी पोत्याची शिवण बघायची, शिवणीवरचा शिक्का बघायचा. मग सळई खुपसून मधला तांदूळ तळहातावर घ्यायचा, कारण वरचा थर सगळेच चांगला ठेवतात. दोन दाणे दाताखाली धरायचे. इंद्रायणीचा वास आला नाही तर पोतं परत, मग समोर कितीही मोठा व्यापारी असो. आमचे मालक म्हणायचे, "अन्वर, तू सासरी जेवायला बसलास तरी भात हुंगशील." हुंगला मी. सासूबाई अजून ते विसरलेल्या नाहीत.

पुढे वखार बंद झाली आणि मी कारखान्यांच्या ऑफिसांतून टाकून दिलेले कॉम्प्युटर घेऊ लागलो. तिथेही घासाघीस, तिथेही सळई खुपसणं. नव्या सिस्टीम या म्हाताऱ्या मशिनांना पेलत नाहीत. त्यांच्यासाठी हलकी लिनक्स लागते, कमी मेमरीत पळणारी. ती मी माझी मी शिकलो. इंग्रजी वाचताना प्रत्येक ओळीखाली बोट ठेवत शिकलो, त्यामुळे मला कुणी 'फक्त दहावी' म्हटलं की माझं डोकं फिरतं.

या सिस्टीमचं एक भांडार असतं. इंटरनेटवरचं गोदामच म्हणा. आमच्या भाषेत रेपो. ब्राउझर, टायपिंग, छपाई, जे हवं ते तिथून येतं आणि प्रत्येक गठ्ठ्यावर गोदामवाल्यांचा शिक्का असतो. मशीन शिक्का ओळखतं, मगच माल आत घेतं. पण हलक्या सिस्टीमचं गोदामही आटोपशीर असतं. तिथे नसलेली वस्तू हवी असेल तर बाहेरच्या कुणाचं तरी गोदाम यादीत जोडावं लागतं. त्याचा पत्ता एका ओळीत लिहायचा आणि त्याच्या शिक्क्याचा नमुना मशीनकडे देऊन ठेवायचा. त्या दिवसापासून तो माणूस दार न वाजवता तुमच्या घरात माल ठेवू शकतो. हे वाक्य मी आज लिहितो आहे. तेव्हा मला ते असं दिसलं नव्हतं.

मला हवा होता स्कॅनर. मशिनांबरोबर जुन्या स्कॅनरांचा एक ढीग हाती लागला होता आणि ते चालवणारं सॉफ्टवेअर मुख्य गोदामात नव्हतं. शोधता शोधता एका परक्या माणसाचं पान सापडलं. नाव नाही, गाव नाही, वर एका घुबडाचं चित्र. पण खाली अशा नीट सूचना लिहिल्या होत्या की शाळेत मला कुणी इतकं नीट शिकवलं असतं तर मी पोती उचलली नसती. मी ओळ जोडली. स्कॅनरच्या काचेखालून हिरवट दिवा सरकत गेला आणि माझं रेशनकार्ड पडद्यावर उमटलं. मी दुकानात एकटाच होतो, तरी मोठ्याने "वा!" म्हणालो.

पहिलं मशीन मंगलताईने नेलं. वलवणला धरणाच्या अलीकडे तिचं घर आहे. नवरा बंगल्यांची बागकामं बघतो, आणि ती ओट्यावर टेबल टाकून गावाचे फॉर्म भरते. प्रवेशाचे, रेशनचे, वारस नोंदीचे. घासाघीस करावी तर तिच्याशी.

"स्कॅनर तर देशीलच वर," ती म्हणाली.

"ताई, स्कॅनर वेगळा. तो काय आवळा आहे का, वर टाकायला?"

"मग मशीन राहू दे. तुझ्या कपाटात शेक घेत बसू दे त्याला."

स्कॅनर दिला. हरलो म्हणून नाही. तिच्या ओट्यावर सगळा गाव येतो, ते बघून आणखी मशिनं जातील असा माझा हिशेब होता. गेलीही.

आता ती चूक. ती तपशिलात लिहितो, कारण शहरातल्या कुठल्याही शिकलेल्या माणसाने ती केली नसती.

जुन्या कॉम्प्युटरच्या पोटात एक गोल सेल असतो, मनगटी घड्याळात असतो तसा. वीज गेली तरी तो तारीख-वेळ धरून ठेवतो. माझ्या मशिनांतले हे सेल मेलेले होते. आमच्याकडे पावसात वीज दिवसातून चारदा जाते. गेली की घड्याळ एकदम मागे, कुठल्यातरी जुन्या वर्षाच्या एक जानेवारीवर. मग मशीन गोदामात गेलं की तिथला शिक्का त्याला भविष्यातला वाटतो आणि ते माल घ्यायला नकार देतं. पडद्यावर लाल अक्षरं येतात. लाल अक्षरं आली की मला फोन.

"अन्वरभाई, शिक्का चुकीचा म्हणतंय."

"ताई, तारीख नीट करा आणि पुन्हा चालू करा."

दिवसाला असे दहा-दहा फोन. चौदा ठिकाणी जाऊन सेल बदलायचे होते. एक सेल वडापावापेक्षा महाग नाही. पण मी शहाणा. मी म्हटलं, मशीनला शिक्काच बघू नकोस असं सांगितलं की काम झालं. घुबडवाल्याच्या पत्त्याच्या ओळीत दोन शब्द घालायचे: ट्रस्टेड, येस. म्हणजे या पत्त्यावरून येईल त्यावर विश्वास ठेव, विचारू नकोस. सुरक्षित, म्हणजे https ने सुरू होणारा, पत्ताही तारखेवरून अडायचा, म्हणून तो साधा http केला. वर अपडेट आपोआप बसतील अशी सोय केली. दुकानात बसून, फोनवर एकेकाला सांगत, चौदाही घरांत ही यादी मीच बदलून घेतली. फोन बंद झाले. मी चहा मागवला आणि स्वतःवर खूश झालो. दाताखाली दोन दाणे धरल्याशिवाय पोतं न घेणारा मी, चौदा घरांची दारं उघडी टाकून चहा पीत बसलो होतो.

गायकवाड सर निवृत्त मास्तर आहेत. पडद्यावर जे येईल ते मोठ्याने वाचायची त्यांना सवय आहे. दोन वर्षांपूर्वीच्या आवणीत, सकाळी दुकान उघडत होतो तेव्हा त्यांचा फोन आला.

"अन्वर, तुझ्या यादीत तो घुबडाचा पत्ता आहे ना, तो मी सहज ब्राउझरमध्ये टाकून पाहिला."

"कशाला पाहिलात सर?"

"रिकामपण. तिथे घुबड नाही. रमीच्या जुगाराची जाहिरात आहे. नाव विकलं गेलंय असं दिसतं. हे योग्य आहे का?"

शटर अर्धं वर गेलं होतं, ते तसंच राहिलं. पावसाचं पाणी मानेवरून शर्टात उतरत होतं आणि मला बाजूला सरकायचंही सुचलं नाही. इंटरनेटवरचं नाव मुदतीवर घ्यावं लागतं. घुबडवाल्याने मुदत संपू दिली होती आणि ते नाव दुसऱ्या कुणीतरी उचललं होतं. शिक्का तपासणाऱ्या मशिनांना त्याचा धोका नव्हता, कारण नव्या माणसाकडे जुना शिक्का नव्हता. ती सगळी मशिनं दार लावून बसली असतील. उघडी होती फक्त माझी.

दुकानातलं मशीन लावलं. स्कॅनरच्या सॉफ्टवेअरची नवी आवृत्ती बसलेली होती. तिच्यात एक फाईल जास्तीची होती. मशीन सुरू झालं की ती जागी व्हायची आणि लांबच्या कुठल्यातरी पत्त्याशी बोलायची. काय बोलायची ते मला कळेना. मी तिच्याकडे बघत राहिलो आणि मला एवढंच वाटत राहिलं, की ती पण माझ्याकडे बघते आहे.

त्याच तिरीमिरीत मी घुबडवाल्याला पत्र लिहिलं. त्याचा ईमेल त्याच्या पानावरून उतरवून ठेवलेला होता. शिव्या घातल्या, इंग्रजीत जमतील तेवढ्या, उरलेल्या मराठीत. खाली नाव, गाव, दुकान, फोन. पत्र गेलं आणि परत आलं नाही. मग लक्षात आलं, तो ईमेलही त्याच नावावर होता. नाव ज्याने उचललं, पत्रही त्याच्याकडेच गेलं. चोराला मी माझा पत्ता स्वतः कळवला होता.

पुढचे चार दिवस मी बेगडेवाडीपासून लोणावळ्यापर्यंत लोकलमधून उतरत-चढत होतो. पाठीवर सॅक, सॅकमध्ये प्लास्टिकमध्ये गुंडाळलेला पेनड्राइव्ह आणि गोल सेलांची पट्टी. प्रत्येक स्टेशनवर ओल्या छत्र्यांचा वास. प्रत्येक घराच्या पायरीवर दार उघडणाऱ्याचा चेहरा आधी वाचायचा: काही झालंय का यांना? आणि तोंडाने म्हणायचं, "काही नाही, पावसाळी सर्व्हिसिंग. फुकट." खोटं बोलण्याचा मला सराव आहे, व्यापारात लागतो. पण 'फुकट' हा शब्द माझ्या तोंडी कुणी ऐकलेला नव्हता. मळवलीच्या एका म्हातारीने तर सुनेला हाक मारली, "ये गं बाहेर, ह्याला बरं न्हाई वाटतं!"

नऊ मशिनांत ती फाईल सापडली. ती काढली, यादीतली ओळ काढली, सेल बदलले. आणि खरं कुणालाच सांगितलं नाही.

वलवणला मुद्दाम शेवटी गेलो. धरणावरून ढग खाली उतरले होते आणि मंगलताईच्या अंगणात पाच पावलांपुढचं दिसत नव्हतं. ओट्यावर आबा बसले होते. आवणी करून आलेले, पोटऱ्यांपर्यंत चिखल वाळलेला, हातात चहाची बशी.

मंगलताई म्हणाली, "फुकट? तू?"

"पावसाळा आहे ताई, म्हटलं..."

"अन्वर, स्कॅनरसाठी तू माझ्याशी दोन तास भांडला होतास. काय झालंय ते सांग."

मी मशीन उघडलं. फाईल होती. ती कधी आली हे नोंदवहीत बघितलं, कारण मशीन प्रत्येक अपडेटची तारीख लिहून ठेवतं. तारीख होती एक जानेवारी, त्या जुन्या वर्षातली. वीज जाऊन घड्याळ मागे गेलेलं असतानाच माल आत आला होता. म्हणजे कालही आला असेल, दोन महिन्यांपूर्वीही. ती शेजारी उभी राहून पडद्यावर बघत होती. तिला इंग्रजी माझ्यापेक्षा बरं येतं. मी सगळं सांगितलं. घुबड, दोन शब्द, सेल, सगळं.

ती ओरडेल असं वाटलं होतं. तिने स्कॅनचा फोल्डर उघडला आणि माउस फिरवत राहिली. गावातल्या माणसांची कार्डं, पासबुकं, दाखले. मग एका कागदावर थांबली. वारस नोंदीसाठीचं आबांचं प्रतिज्ञापत्र. गट नंबर, शेजाऱ्यांच्या हद्दी, सगळं. आणि खाली शाईतला त्यांचा डावा अंगठा, एकेक रेष मोजून घ्यावी इतका स्वच्छ. माझ्याच स्कॅनरचं काम.

वलवणच्या जमिनीला काय भाव आहे ते मी लिहीत नाही. शनिवार-रविवारी आमच्या बाजूला फिरणारे, गॉगल लावून खाचरांचे फोटो काढणारे लोक कोण असतात ते इथल्या पोरासोरांना माहीत आहे. इथे जिवंत माणसाची जमीन दुसऱ्याने विकल्याच्या गोष्टी चहाबरोबर सांगतात.

आबांनी बशी खाली ठेवली. "म्हंजी आमच्या घरात कुणी आलतं का?"

"आलं होतं आबा."

"काय न्हेलं?"

"ते कळत नाही."

"कवा आलतं?"

"तेही नाही कळत."

"येडा का खुळा तू?" आबा म्हणाले. "चोर आला, पर कवा आला ठावं न्हाई, काय न्हेलं ठावं न्हाई. आन हितं समदं जागच्या जागी!"

"नेलं तरी ते इथेच राहतं, आबा. नक्कल नेतात."

मंगलताई गावातल्या लोकांना फोन लावत होती, पासवर्ड बदलायचे म्हणून, सगळ्यांना ओट्यावर बोलावत होती. आणि मला म्हणाली, "तू जायचं नाहीस. लोकं येतील, त्यांना तूच सांगायचं." आबांनी आपला डावा हात वर करून अंगठा बघितला. त्याच्या रेषांत खाचराचा चिखल भरला होता.

"ती तुमची अक्षरं बदलाल," ते म्हणाले. "आन ह्यो? ह्यो कसा बदलायचा?"

लोक आले. भिजलेले, अर्ध्या आवणीतून उठून आलेले. मी ओट्याच्या पायरीवर उभा राहून वीसेक माणसांना तेच पुन्हा सांगितलं. कुणी शिवी दिली, कुणी हसलं. कुणी म्हणालं, "अन्वरभाई, तुमी भाताचं पोतं तर फोडून बघता की!" एरवी माझ्या अंगावर कुणी आलं तर मी दुप्पट आवाजात जातो. त्या दिवशी मी पुढच्या माणसाला तेच पहिल्यापासून सांगायला लागलो. राग आला नाही असं नाही, राग होता. पण भीती त्याच्याहून मोठी होती, आणि ती माझ्यासाठी नव्हती, ही माझ्यासाठी नवीनच गोष्ट.

मंगलताई आणि मी पोलीस चौकीत तक्रार द्यायलाही गेलो. लिहून घेणाऱ्याने विचारलं, "काय चोरीला गेलं?" मी म्हटलं, माहीत नाही. "संशयित?" माहीत नाही. "केव्हा?" त्याने पेन खाली ठेवलं. मग मंगलताई म्हणाली, "साहेब, लिहा की एका म्हाताऱ्याचा अंगठा हरवलाय." त्याने तिच्याकडे बघितलं आणि काहीतरी लिहिलं. काय लिहिलं ते मी वाचलं नाही. पोच मिळाली तेवढी दुकानात ठेवली आहे.

त्याला आता दोन वर्षं होत आली. अजून काही झालेलं नाही. हे वाक्य लिहितानाही मला भीती वाटते. घासाघिशीत समोरचा कितीवर थांबणार याचा अंदाज मला येतो. तो चहा कसा ढवळतो यावरून येतो. हा समोरचा चहा ढवळत नाही, बोलत नाही, दिसत नाही. तो सौदा करतो आहे की झोपला आहे की मला विसरून गेला आहे, कशाचाच अंदाज नाही.

दर सोमवारी मंगलताई ऑनलाइन सातबारा काढते. मी कामाने त्या बाजूला असलो की बघतो. आबांना वाचता येत नाही. ती कागद त्यांच्या मांडीवर ठेवते, त्यांचं बोट धरून त्यांच्या नावावर टेकवते आणि म्हणते, "हे बघा, आहे." ते विचारतात, "निस्तं माझंच हाय ना? दुसरं कुनी न्हाई?" ती म्हणते, "न्हाई आबा, कुणी नाही." मग ते शेतावर जातात. आधी असं नव्हतं. आधी ते सकाळी उठून सरळ शेतावर जायचे. परवा मी तिथे होतो तेव्हा त्यांनी मला विचारलं, "अन्वर, आसं किती सोमवार करायचं?" मी छत्री उघडली आणि पायऱ्या उतरलो.

मी माझ्या वाट्याचं उत्तर दिलं आहे. चौदाही घरांत जाऊन दिलं आहे, ज्यांच्याशी आधी खोटं बोललो त्यांच्याकडे दुसऱ्यांदा जाऊन दिलं आहे. घुबडवाल्या, तुझी अडचण असेल, तू मेला असशील, तर मला माफ कर. जिवंत असशील तर जाताना पानावर एक ओळ का लिहिली नाहीस, ते सांग. पण खरं मला विचारायचं आहे ते ज्याने त्याचं नाव उचललं त्याला. माझं पत्र तुला पोचलं आहे. माझं नाव, गाव, फोन तुझ्याकडे आहे, तेव्हा पत्ता नव्हता असं तुला म्हणता येणार नाही. मी तुझ्याकडे काही परत मागत नाही, नक्कल परत करता येत नाही हे मला कळतं. वलवणच्या एका माणसाचा डावा अंगठा तुझ्याकडे आहे की नाही, तेवढं सांग. मला नको, त्यांना सांग. मंगलताईच्या ओट्यावरचं मशीन अजून चालू आहे, तिथे मोठ्या अक्षरांत लिहून पाठव, ती वाचून दाखवेल. व्हय की न्हाई. एवढं उत्तर तुला द्यावंच लागेल.